मुंबईचे मैदान आणि माळी

मुंबईच्या मैदानांचा इतिहास सांगायची एक ठरून गेलेली रीत आहे. तोफांचा मारा मोकळेपणी करता यावा म्हणून किल्ल्याभोवती रिकामी राखलेली एस्प्लनेडची जमीन, 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडलेला तट, मग रस्त्यांनी त्या पट्ट्याचे केलेले तुकडे: आझाद, क्रॉस, ओव्हल, कूपरेज. तिथून जिमखाने आणि पुढे थेट विजय मर्चंट, सुनील गावसकर. यात आखणारे आहेत, खेळणारे आहेत. जमीन खेळण्याजोगी ठेवणारा माळी मात्र कुठे सापडत नाही. ही उणीव बारीकसारीक नाही. मोकळी जागा हुकमाने राखता येते. मैदान दरवर्षी नव्याने घडवावे लागते, आणि मुंबईत तर ते अधिकच खरे आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पाऊस सरला की तण उपटा, खचलेल्या जागी माती भरा, उघडी पडलेली जमीन हरळीने झाका. खेळपट्टीचे काम त्याहून नाजूक: भरपूर पाणी द्यायचे आणि वाफसा येईपर्यंत हात आखडून बसायचे. घाई केली तर चिखल रोलरला चिकटून वर येतो, उशीर झाला तर ढेकूळ दबता दबत नाही. ही वेळ माळी माती चिमटीत दाबून ठरवतो. 1948 पासून ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर चालत आलेल्या कांगा लीगने मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र घडवले, असे आपण कौतुकाने सांगतो. त्या खेळपट्ट्या कुणी उभ्या केल्या, हे विचारायचे राहून जाते.

यावर कोणी म्हणेल, गवत आपोआप उगवते. खरे श्रेय जागा बिल्डरांपासून वाचवणाऱ्या नियमांचे. नियम नसते तर माळ्याला कामच उरले नसते, हे कबूल. पण एस्प्लनेडवरचा पोलोचा वाद आठवावा. तिथे देशी पोरे क्रिकेट खेळत आणि त्याच जमिनीवर युरोपियन मंडळी घोडे दौडवत. 1875 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे स्वतःचे क्रिकेटचे मैदान मात्र त्या टापांपासून सुरक्षित होते. शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने 1881 मध्ये देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. या झगड्याची हकिकत त्यांनी 1897 मध्ये पुस्तकरूपाने छापली. जागा मोकळी होती, तिच्यावर इमारत कुणीच बांधत नव्हते. तक्रार होती ती टापांनी उखणलेल्या जमिनीची. मोकळेपणा दोघांच्या वाट्याला होता, निगा एकाच्याच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाळू पालवणकरांचे नाव तर सर्वांना ठाऊक आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात पारशांच्या एका क्लबात महिना 3 रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम करत. नंतर युरोपियनांच्या क्लबात पगार 4 रुपये झाला. तिथे ते जाळ्यात साहेबांना गोलंदाजी करू लागले. पुढे ते मुंबईत आले, हिंदू संघाचा आधार झाले, आणि 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. मग मैदानाच्या कामाला इतिहासाने न्याय दिला नाही, असे कसे म्हणायचे? पण बाळू लक्षात राहिले ते डावखुऱ्या फिरकीमुळे. पुण्याच्या हिंदू क्लबात सहकाऱ्यांना त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. आणि त्या काळी मैदानावरच्या नोकराला 3 किंवा 4 रुपये मिळत, एवढी तरी माहिती आपल्यापर्यंत पोचली ती त्यांतला एक जण असामान्य गोलंदाज निघाला म्हणून. त्यांच्यानंतर तोच रोलर कुणी ओढला, हे कोणत्याही स्कोअरबुकात सापडणार नाही. ते शोधायचे तर जिमखान्यांची हिशेबाची बाडे आणि महापालिकेचे हजेरीपट, जिथे टिकले असतील तिथे, उघडावे लागतील.