फिरती खुर्ची

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हा त्यांच्या मनात शिवकाल नाहीतर पेशवाई असावी. पण गेले वर्षभर माझ्या डोक्यात घोळते आहे ती जर्मनीतल्या एका राजकीय पक्षाची गोष्ट, आणि ती घोळू लागली माझ्या वर्गातल्या मॉनिटरमुळे.

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, पण पोट खडूवर भरते. पाचवीच्या वर्गात मी एक नियम घालून दिला होता : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मॉनिटर बदलायचा. कोणाच्या डोक्यात हवा जाऊ नये, सर्वांना संधी मिळावी, हा त्यातला उदात्त हेतू. गेल्या वर्षी एका मुलीची पाळी आली आणि वर्गाचे रूपच पालटले. हजेरी वेळेवर, फळा स्वच्छ, शाळेच्या बागेतल्या झाडांना न चुकता पाणी. महिना संपला तशी मुले म्हणाली, "गुरुजी, हिलाच राहू द्या ना!" मी म्हटले, "नियम तो नियम." तिने डस्टर आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि ती आपल्या बाकावर जाऊन बसली. कोणी काही बोलले नाही. मीही नाही. त्या दिवसापासून मला चैन नव्हते. आणि नेमक्या त्याच दिवसांत या जर्मन मंडळींची हकीकत माझ्या वाचनात आली. त्यांनी तर साऱ्या देशाच्या राजकारणात हाच नियम करून पाहिला होता.

गोष्टीचा आरंभ होतो एका खुर्चीपाशीच. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाईन नदीच्या काठी कैझरश्टूल नावाची टेकड्यांची रांग आहे. नावाचा अर्थ, बादशहाची खुर्ची. टेकड्यांवर द्राक्षांचे मळे आणि पायथ्याशी लहान लहान गावे. त्यांतल्या व्यूल नावाच्या गावाजवळ सरकारने अणुवीज केंद्र बांधायचे ठरवले. केंद्राच्या धुराड्यांतून निघणाऱ्या वाफेने धुके पडेल, ऊन कमी होईल आणि द्राक्षे बिघडतील, ही मळेवाल्यांची पहिली धास्ती. अणूची भीती त्यामागून आली. सारा गाव एका बाजूचा होता असेही नाही. १९७५ च्या जानेवारीत जमीन विकावी की नाही यावर व्यूलमध्ये मतदान झाले, तेव्हा शंभरांत पंचावन्न मते विकण्याच्या बाजूने पडली. पैसा आणि रोजगार कोणाला नको असतो?

पण आसपासच्या गावांनी मानले नाही. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी शेतकरी, त्यांच्या बायका आणि फ्रायबुर्गचे विद्यार्थी त्या जागेवर जाऊन बसले. दोन दिवसांनी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना हुसकले. तर २३ तारखेला अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसे जमली आणि त्यांनी जागा पुन्हा ताब्यात घेतली! मग कित्येक महिने तिथे मुक्काम. लाकडाचे घर उभे राहिले आणि रानातच लोकांची शाळा भरू लागली. शास्त्रज्ञ येत, व्याख्याने होत, आणि मळ्यात राबणाऱ्या बायका अणुशास्त्रावर प्रश्न विचारीत. त्यांची घोषणा त्या मुलखाच्या रांगड्या बोलीत होती : आम्ही नाही म्हटलं ना! हे केंद्र झाले नाही तर दशक संपता संपता राज्यातले दिवे विझू लागतील, असे तिथल्या मुख्यमंत्र्याने बजावले होते. केंद्र झाले नाही. दिवेही विझले नाहीत. त्या जागी आज राखीव रान आहे.

या आंदोलनाला एक पुढारी असा नव्हता, आणि हीच त्याची ऐट होती. देशभर अशा नागरिकांच्या समित्या निघाल्या, आणि त्यांतून १३ जानेवारी १९८० रोजी कार्ल्सरूअ शहरी पक्ष जन्मला. नाव नुसते 'हिरवे'. त्यांत धर्मभोळे शेतकरी होते, लाल झेंड्याखालून आलेले तरुण होते, स्त्रियांच्या चळवळीतल्या बाया होत्या, सत्ताधाऱ्यांच्या जुन्या पक्षांना कंटाळलेले गृहस्थ होते. उजवीकडून आलेल्यांपैकी कित्येक वर्षा-दोन वर्षांतच बाहेर पडले आणि पक्ष डावीकडे कलला. तत्त्वे चार ठरली : निसर्गाचे रक्षण, सामाजिक न्याय, अहिंसा आणि तळच्या माणसांची लोकशाही.

या चौथ्या तत्त्वाने त्यांना अनेक मुलखावेगळ्या गोष्टी करायला लावल्या. पक्षाला एक अध्यक्ष नको, बरोबरीचे अनेक प्रवक्ते असावेत. पक्षाचा पदाधिकारी आणि लोकसभेचा सभासद एकच माणूस असू नये. निवडून आलेल्याने कुशल कामगाराच्या पगाराइतकेच पैसे स्वतःसाठी ठेवावेत, बाकीचे चळवळीला द्यावेत. आणि सर्वांत मोठा नियम पाळीचा : सभासदाने चार वर्षांच्या मुदतीपैकी दोन वर्षे संपताच राजीनामा द्यायचा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला बसवायचे. तो पुढचा माणूसही पहिल्यापासून कचेरीत त्याच्याबरोबरीने काम करी. माझ्या मॉनिटरच्या नियमाचाच हा मोठा भाऊ!

६ मार्च १९८३ च्या निवडणुकीत त्यांना शेकडा ५.६ मते मिळाली. तिथे पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडल्याशिवाय सहसा प्रवेश नाही. तो त्यांनी ओलांडला. सत्तावीस जागा आणि बर्लिनचा एक प्रतिनिधी. बॉनच्या रस्त्यातून ही मंडळी मिरवणुकीने लोकसभेत गेली. हातात आम्लपावसाने करपलेले झाड, अंगात विणलेले स्वेटर. गडद सुटांच्या त्या सभागृहात बाकांवर फुलझाडांच्या कुंड्या आल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या संसदीय गटाचे सारे नेतृत्व सहा स्त्रियांकडे सोपवले गेले.

आता या गोष्टीतली दोन माणसे तुम्हाला भेटवायची आहेत.

पहिली पेट्रा केली. १९४७ साली बव्हेरियात जन्मलेली. आईने दुसरे लग्न एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याशी केले, म्हणून केली हे आडनाव आणि वॉशिंग्टनचे शिक्षण. १९७० साली तिची धाकटी सावत्र बहीण कर्करोगाने दहाव्या वर्षी गेली. ते दुःख ती कधी विसरली नाही. अणुशक्तीविरुद्धच्या तिच्या झगड्याला त्या दुःखाची धार होती. गांधीजींना ती गुरू मानी. पक्षाच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी ती एक. १९८२ साली तिला 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. जगात कोणी 'हिरवे' हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे तिचाच कृश, थकलेला चेहरा येई.

दुसरा योश्का फिशर. खाटकाचा मुलगा, शाळा अर्धवट सोडलेला, फ्रँकफर्टच्या रस्त्यांवर टॅक्सी हाकलेला. बोलण्यात तिखट, डावपेचांत तरबेज. तळच्या तत्त्वांना चिकटून राहणाऱ्यांपेक्षा, सत्तेत शिरून जमेल तेवढे पदरात पाडू म्हणणाऱ्यांच्या बाजूचा.

१९८५ चा मार्च आला. पाळी संपली. फिशरने राजीनामा दिला. बहुतेकांनी दिला. पेट्रा केलीने नाकारला. दोन वर्षांत माणूस कामाला नुकता सरावतो आणि तेवढ्यात त्याला उठवणे हा शहाणपणा नव्हे, असे तिच्यासारख्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. पण पक्षातल्या सामान्य कार्यकर्त्याला त्यात दुसरेच दिसले : ही स्वतःला आपल्यापेक्षा मोठी समजू लागली! ज्यांना नेता नको होता त्यांच्या घरात एक नेता आपोआप तयार झाला होता, आणि त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती १९९० पर्यंत सभागृहात राहिली, पण आपल्याच माणसांत परकी होत गेली.

आणि नियम पाळणाऱ्या फिशरचे काय झाले? डिसेंबर १९८५ मध्ये तो हेसन राज्याचा पर्यावरणमंत्री झाला. शपथ घेताना पायांत पांढरे खेळाचे बूट. १९९८ साली समाजवाद्यांबरोबर केंद्रात सरकार आले तेव्हा तो परराष्ट्रमंत्री झाला, आणि सात वर्षे राहिला. गंमत अशी, की हा मनुष्य पक्षाचा अध्यक्ष कधीही नव्हता. तरी सारा देश त्याला पक्षाचा खरा धनी समजे.

इथे मला माझा वर्ग आठवला. मॉनिटर दर महिन्याला बदलत होता, पण वर्ग चालायचा तो मागच्या बाकावरच्या एका दांडग्या मुलाच्या नजरेच्या इशाऱ्यावर. त्याने आपली पाळी हसत हसत दुसऱ्याला देऊन टाकली होती. मी खुर्चीवर पहारा ठेवला होता, आणि सत्ता दुसऱ्याच दाराने येऊन बसली होती. उघड नेतृत्वाला निदान जाब विचारता येतो, लपलेल्याला तोही विचारता येत नाही.

डिसेंबर १९९० मध्ये, दोन्ही जर्मनी एक झाल्यावर लगेच, निवडणूक झाली. सारे जर्मनीविषयी बोलतात, आम्ही हवामानाविषयी बोलतो, अशी हिरव्यांची जाहिरात होती. लोक हसले असतील. आज कोण हसेल? पश्चिमेकडे त्यांना शेकडा ४.८ मते पडली आणि पक्ष उंबरठ्याबाहेर गेला. पुढच्या वर्षी नॉयम्युन्स्टरच्या अधिवेशनात पाळीचा नियम काढून टाकण्यात आला. त्याच अधिवेशनात पेट्रा केली पक्षाच्या प्रमुखपदासाठी उभी राहिली. तिला अगदी मोजकी मते पडली.

१९९२ च्या ऑक्टोबरच्या आरंभी बॉनमधल्या घरात तिचा सोबती गेर्ट बास्टियान याने झोपेतच तिच्यावर गोळी झाडली आणि मग स्वतःलाही संपवले. एकोणीस तारखेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तिचे वय चव्वेचाळीस, साधारण आज माझे आहे तेवढे. तिच्या मृत्यूचा दोष पक्षाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण जिच्यामुळे हिरव्यांचे नाव देशोदेशी पोहोचले, तिच्या दारावर जवळजवळ तीन आठवडे मृत्यू बसून राहतो आणि कोणाला कळत नाही, हे वाचून मी पुस्तक मिटले होते.

तरी पुढारी बदलण्याचा त्यांचा ध्यास सुटला नाही. १९९९ च्या मे महिन्यात बीलेफेल्डला कोसोव्होच्या युद्धावरून वादळी अधिवेशन झाले. अहिंसेच्या पक्षाचा परराष्ट्रमंत्री बाँबफेकीचे समर्थन करीत होता. कोणी लाल रंगाची पिशवी फिशरच्या कानावर फेकली आणि कानाचा पडदा दुखावला. तरी बहुमत त्याच्याच बाजूने गेले. २००२ साली क्लाउडिया रोट आणि फ्रित्स कून हे दोन लोकप्रिय अध्यक्ष लोकसभेवर निवडून आले, आणि केवळ जुन्या नियमापायी दोघांना अध्यक्षपद सोडावे लागले. तेव्हा मात्र प्रश्न पुढाऱ्यांनी आपसांत मिटवला नाही. २००३ साली घरोघरच्या सभासदांचे मत घेतले, आणि सुमारे दोन तृतीयांशांच्या कौलाने नियम सैल झाला. २०१२ मध्ये निवडणुकीचे मुख्य उमेदवारही सभासदांनी टपालाने मते देऊन ठरवले. पंधरा जण उभे होते, त्यांतले बरेचसे कुठल्या तरी गावचे अनोळखी कार्यकर्ते.

आणि तळची माणसे? ती अजून 'नाही' म्हणतात. १५ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीतली शेवटची तीन अणुकेंद्रे बंद झाली. व्यूलच्या मळेवाल्यांचे म्हणणे अठ्ठेचाळीस वर्षांनी खरे ठरले. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत ल्युत्सेराट नावाचे गाव कोळशाच्या खाणीसाठी पोलिसांनी मोकळे केले. चिखलात, पावसात तरुण मुले बसली होती, आणि खाणवाल्या कंपनीशी करार करणाऱ्या मंत्र्यांत हिरवेच होते. कोळसा २०३८ ऐवजी २०३० मध्येच थांबवण्याचे वचन मिळवले, हे मंत्र्यांचे उत्तर. एके काळी पाण्याचे फवारे खाणारे आता करारावर सह्या करीत होते. २०२४ च्या सप्टेंबरात, राज्यांच्या निवडणुकांतल्या पराभवांनंतर, रिकार्डा लांग आणि ओमिद नूरिपूर या जोडीने साऱ्या कार्यकारिणीसह पद सोडण्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात फ्रान्त्सिस्का ब्रांटनर आणि फेलिक्स बानाझाक आले. एक स्त्री आणि सोबत दुसरे कोणी, दोघे बरोबरीचे, ही रीत अजून टिकून आहे.

मग नियम चूक होता काय? मला तसे वाटत नाही. खुर्ची फिरती असावीच. चिकटलेल्या खुर्च्यांनी जगाचे काय केले आहे ते आपण पाहतो. पण नुसती खुर्ची फिरवली म्हणजे सत्ता फिरत नाही. तिला जाब विचारणारी माणसे खाली जागी असावी लागतात. आणि उठणाऱ्या माणसाला उठवताना, त्याने काय केले ते उघडपणे सांगण्याइतके मन मोठे असावे लागते. हिरव्यांना पहिले बऱ्याच अंशी साधले. दुसरे पेट्रा केलीच्या वाट्याला आले नाही.

यंदाही माझ्या वर्गाचा मॉनिटर महिन्याने बदलतो. फक्त दोन गोष्टी वाढवल्या आहेत. जुना मॉनिटर आठवडाभर नव्याच्या शेजारी बसतो. आणि शेवटच्या दिवशी मुले एकेक करून उठतात व त्याने काय चांगले केले, काय चुकले, ते सांगतात. मागच्या बाकावरच्यालाही बोलावे लागते.

परवा ती मुलगी व्हरांड्यात भेटली. आता सहावीत आहे. मी म्हटले, "अगं, गेल्या वर्षी तुझे आभार मानायचे राहून गेले."

ती गोंधळली. म्हणाली, "त्यात काय, गुरुजी? आणि ती कोपऱ्यातली जास्वंद आहे ना, तिला अजून मीच पाणी घालते. नव्या मॉनिटरला सुट्टीत आठवत नाही."