पान आठ, पान नऊ

शाळेच्या अंकावर संपादक म्हणून विद्यार्थ्याचं नाव छापतात आणि निर्णय शिक्षक-खोलीत होतात. सोलापुरात 1987 साली हे असंच होतं, आजही फार वेगळं नसावं. आमच्या सोळा पानी अंकाचं जे झालं ते केवळ त्यामुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. रात्री लाइट गेली, हेही खरंच. म्हणून दोष कुणाचा हे न ठरवता नुसता घटनाक्रम मांडतो. अंक 12 जानेवारीचा, हुतात्मा दिनाचा. प्रकाशन सोमवारी सकाळी दहाला, शाळेच्या पटांगणात. मी दहावीत आणि नावाला संपादक. सोबत चार सहसंपादक आणि मार्गदर्शक म्हणून मराठीचे सर.

रविवार, 11 जानेवारी, सकाळी 9. उरले 25 तास

नव्या पेठेतल्या छापखान्यात चौदा पानं छापून रचून ठेवलेली. राहिलं होतं फक्त मधलं जोडपान, आठ आणि नऊ. अंक टाचल्यावर बरोबर मध्यभागी उघडतं ते. मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, कारण अंकातला खरा मजकूर तोच. बाकी सगळं शाळेच्या अंकात असतं तेच होतं: मुख्याध्यापकांचं मनोगत, स्काउटच्या शिबिराचा वृत्तांत, ‘माझी आई’ या विषयावरच्या कविता, चादरीच्या दुकानांच्या जाहिराती.

जुळारी अण्णा घरी तेलुगू बोलायचे, मालकांशी कानडी आणि आमच्याशी मराठी. लिहायला मात्र त्यांना मराठीच आवडायचं, तेही खिळ्यांनी आणि उलटं. त्यांच्यापुढे आमचा लेख होता, ‘सोलापूरचे चार हुतात्मे’. दोन्ही पानं भरून मजकूर आणि चार फोटो.

लेखाची गोष्ट सोलापूरच्या पोरांना पाठ असते, तरी सांगतो. 4 मे 1930 ची मध्यरात्र उलटल्यावर कराडीला गांधीजींना अटक झाली. बातमी इथे पोचली आणि गिरण्या बंद पडल्या. 8 मेला रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी धरलं, जमाव उसळला, गोळीबार झाला, शंकर शिवदारे नावाचा तरुण गेला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, कोर्ट जळालं, चौकीतले पोलीस मारले गेले. 12 मेपासून 30 जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी गुन्हा. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना मजकूर छापल्याबद्दल शिक्षा झाली. आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन.

आम्ही अर्धा लेख कुर्बान हुसेन यांच्यावर खर्च केला होता. हा अन्याय होता, पण समजून उमजून केलेला. ते ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे, गिरणी कामगारांत वावरायचे आणि होते विशीतले. चार पुतळ्यांजवळून रोज सायकलवर जाताना यातला एक आपल्यासारखाच संपादक होता हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या आठवड्यात, 6 जानेवारीला, शाळेत बाळशास्त्री जांभेकरांवर भाषण झालं, ‘दर्पण’ निघालं तेव्हा तेही विशीच्या आसपासचेच. पण त्यांच्याबद्दल ऐकताना वय आठवत नाही, उपरणं आठवतं.

सकाळी 11.30

सर आले. गॅली प्रूफ वाचता वाचता त्यांची पेन्सिल एका वाक्यापाशी अडली. वाक्य होतं चौकीतले पोलीस मारले गेल्याचं.

“हे कशाला?”

मी म्हटलं, “सर, झालं होतं ना तसं.”

“झालं होतं. पण हुतात्मा दिनाच्या अंकात? लोक म्हणतील, शाळा काय शिकवतेय.”

शाळेच्या अंकाचं संपादन मी जेवढं म्हणून केलं असेन ते पुढच्या दहा मिनिटांत. चौघांवर आरोप होता तो पोलिसांच्या खुनाचाच. आपण म्हणतो ते निर्दोष होते. मुंबई हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं तरी शहर आजवर तेच म्हणत आलंय. पण पोलीस मेल्याचं वाक्य काढलं तर वाचणाऱ्याला वाटणार, गोळीबार सरकारने केला आणि फाशीही सरकारने उगाच कुणाला तरी दिलं. ज्या गुन्ह्यात ते निर्दोष होते तो गुन्हाच लेखात नसेल, तर निर्दोष कशात? इतकं नीट मला तेव्हा बोलता आलं नसेल. पण अण्णा स्टिक हातात धरून ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, “पोरगं बरोबर बोलतंय, सर.”

सर हसले. “राहू दे. पण एवढं एकच वाक्य.”

दुपारी 2. उरले 20 तास

प्रमुख पाहुण्यांचा संदेश आला. पाहुणे साखर पेठेतले, गिरणीतून निवृत्त झालेले, मार्शल लॉ पाहिलेले गृहस्थ. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. संदेशासोबत फोटोही होता. म्हातारपणीचा फोटो घरात नव्हता म्हणून की काय, त्यांनी लग्नाच्या वेळचा पाठवलेला. काळा कोट, चेहरा कोवळा.

शाळेतून निरोप आला: संदेश मधल्या पानावरच घ्यावा.

मी म्हटलं, पान दोनवर घेऊ. पान दोन छापून झालं होतं. मुखपृष्ठाच्या आत घेऊ. तिथे चादरवाल्याची जाहिरात होती आणि तिचे पैसे कागदात गेले होते. झालं. पान आठ पाहुण्यांना गेलं. लेख उरला पान नऊवर, त्यातलं अर्धं पान चार फोटोंना. चाळीस ओळी जायला हव्या होत्या.

सरांनी पेन्सिल घेतली. कुर्बान हुसेनांच्या पत्रातल्या कामावरचा परिच्छेद गेला. राजवाडे गेले. टोपी राहिली, कारण टोपी सगळ्यांना आवडते. मग पोलिसांचं ते वाक्य.

“सर, सकाळी ठरलं होतं.”

“सकाळी जागा होती.”

संपादकाला जागेपुढे बोलता येत नाही. मजकूर नको असेल तेव्हा जागा नेहमीच कमी पडते, हे मी त्यानंतर मोठ्या वर्तमानपत्रांतही पाहिलं आहे.

संध्याकाळी 6

पान आठ-नऊचं पेज प्रूफ निघालं. फोटोंच्या जागी पाच चौकोन कोरे, कारण ब्लॉक हातात आलेले नव्हते. चार हुतात्म्यांचे उसने मिळणार होते, पाहुण्यांचा ब्लॉकवाल्याकडे तयार होत होता. खाली नावं जुळवून झाली होती. नऊवर चार नावं आणि त्याखाली एकत्र ओळ: ‘यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.’ आठवर पाहुण्यांचं नाव, त्याखाली ‘विद्यार्थ्यांना माझ्या हार्दिक शुभेच्छा’ आणि संदेश.

आम्ही पाचांनी प्रूफ आळीपाळीने वाचलं. ‘स्फूर्ती’चा फू दीर्घ केला, ‘शूर’चा ऊकार दुरुस्त केला, एक पूर्णविराम वाढवला. शाळेत पाच वर्षं शुद्धलेखनाच्या वह्या लिहिलेली मुलं होतो, वेलांटी निसटणं शक्य नव्हतं.

रात्री 8.10. उरले जेमतेम 14 तास

पाचही ब्लॉक एकाच वेळी आले, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने नाव होतं. पाहुण्यांचा ब्लॉक बाकी चारांच्याच मापाचा करून घेतला होता. स्तंभाच्या रुंदीत बसायला दुसरं मापच नव्हतं. जस्तावर ठिपके, चेहरा उलटा, अंधार असतो तिथे चकाकी आणि उजेड असतो तिथे काळपटपणा. ओळखीचा माणूसही त्यात ओळखू येत नाही.

मालकांनी पाचही पुड्या सोडल्या, ब्लॉक टेबलावर ओळीने मांडले. कागद खाली पडले.

8.25 ला लाइट गेली.

रात्री 9 ते 11

थांबावं की छापावं, एवढाच प्रश्न होता. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली. छापखान्यातला मशीनवाला रात्री नंदीध्वजाच्या सरावाला जायचा, आज आमच्यासाठी थांबला होता आणि दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होता. सकाळी तो येईल याची खात्री मालकांना नव्हती. ट्रेडल पायानेही चालतं, त्याला विजेची गरज नाही. शाई आहे, कागद कापलेला आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सरांना फोन केला. ते म्हणाले, “छापा. सकाळी टाचायलाही वेळ हवा.”

कंदिलाच्या उजेडात अण्णांनी ब्लॉक चौकटीत बसवले, खाली लाकूड सरकवून उंची सारखी केली, आवळलं. कुठला कुणाचा हे त्यांनी मालकांना विचारलं. मालकांनी टेबलावरची ओळ बघून सांगितलं. ती ओळ पुड्यांच्या क्रमाने होती की अंधारात कुणाच्या कोपराने हलली होती, यावर पुढे छापखान्यात बरेच दिवस वाद चालला. माझ्या मते तो वाद फुकट. पुडी सोडली की नाव गेलंच. ब्लॉकच्या पाठीवर लाकडावर नाव लिहायची पद्धत त्या दिवशी कुणीच पाळली नाही, एवढंच.

मी एक प्रत काढून मागितली. पहिली प्रत नेहमी जरा बरबटलेली असते. कंदिलाखाली आम्ही ती पुन्हा वाचली. पाच काळे चौकोन होते आणि प्रत्येकात कोट घातलेला किंवा न घातलेला एकेक तरुण. आम्ही अक्षरं वाचली. ‘येरवडा’ बरोबर होता. तारीख बरोबर होती. मी कोपऱ्यात ‘छापावे’ लिहून सही केली. दहावीतली ती माझी सर्वांत झोकदार सही.

रात्री 12.40

पाचशे प्रती. मशीनवाला हात न धुताच गेला.

सोमवार, 12 जानेवारी, सकाळी 6 ते 9.30

घडी, टाचणी, कडा कापणं, गठ्ठे बांधणं. डबा आला होता, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खाऊन चटणीचं तेल बोटाला लागेल आणि अंकावर डाग पडतील म्हणून आम्ही खाल्लं नाही. इतकी काळजी घेतली होती. कुणी मधलं पान उघडलं नाही, कारण टाचणी मारताना मधलं पान आपोआप समोर येतं, म्हणजे ते तर सगळ्यांनी पाहिलेलंच असतं.

सकाळी 10.35

झेंडा, गीत, हार. पाहुण्यांनी फीत सोडली, एक प्रत उंचावली, टाळ्या पडल्या. सहावी-सातवीच्या रांगांत अंक वाटले जात होते. पाहुणे खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि अंक मधोमध उघडला.

मी व्यासपीठाच्या पायरीशी होतो. त्यांनी पान आठ पाहिलं, मग नऊ, मग पुन्हा आठ. मग शेजारच्या मुख्याध्यापकांकडे अंक सरकवला आणि बोट ठेवलं. मुख्याध्यापकांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. खालच्या रांगेत पसरत जाणारी खसखस एव्हाना आमच्यापर्यंत पोचली होती.

पान नऊवर चौथ्या चौकटीत लग्नातला काळा कोट घातलेले प्रमुख पाहुणे होते. नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. खाली ती एकत्र ओळ, येरवडा तुरुंग, फाशी. आणि पान आठवर प्रमुख पाहुण्यांच्या नावासह, विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा देत, ‘गझनफर’चे संपादक.

10.50

भाषणाला उठल्यावर ते म्हणाले, “मला फाशी झाल्याचं मला आजच कळलं.” पटांगण हसलं. सर हसले नाहीत. मग ते मार्शल लॉबद्दल बोलले: मोठ्या भावाने टोपी काढून पिठाच्या डब्यात लपवली होती, रस्त्यावर गोरे शिपाई होते, गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर घरात कुणाला वेळच कळेना. फोटोचा विषय त्यांनी परत काढला नाही. वक्ता म्हणून ते काही खास नव्हते, पण मुलं गप्प बसली होती.

11.40, चहा

मला बोलावणं आलं. मी माफीचं वाक्य तयार करून गेलो होतो. त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही. अंक मांडीवर होता, पान नऊ उघडं.

“लेख तू लिहिलास?”

“आम्ही सगळ्यांनी.”

“चौकी पेटली एवढं लिहिलंय. चौकीतले पोलीस मेले ते कुठाय?”

मी सरांकडे बघितलं. सर चहाच्या कपात बघत होते.

“मग चौघांना धरलं कशाबद्दल?” ते म्हणाले. “आमच्या गल्लीतला एक पोलीस त्या दिवसानंतर घरी आला नाही. त्याची बायको पुढे बरीच वर्षं गिरणीत आमच्या खात्यात होती. तेही लिहायचं असतं, पोरा. नाहीतर हे चौघं निर्दोष होते हे तुम्ही सांगणार कसं?”

दुपारी 2.30

दुरुस्तीपट्टीचं ठरलं. उरलेल्या प्रतींत पान आठ आणि नऊवर चिकटवायची, दोन नावांच्या अदलाबदलीची. मजकूर सरांनी सांगितला, मी लिहून घेतला. वाटलेल्या प्रती वर्गावर्गांतून परत मागवल्या. निम्म्याही आल्या नाहीत, फाशी गेलेले पाहुणे पोरांनी घरी दाखवायला नेले होते.

छापखान्यात अण्णा पुन्हा खणासमोर उभे राहिले. मी सरांना विचारलं, पट्टीवर आणखी एक ओळ घेऊ का, पोलिसांची.

“पट्टी दोन ओळींचीच आहे,” सर म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन ओळी जुळवायला घेतल्या.