नाणेघाट, कल्याण बंदर आणि क्षत्रपांचे व्यापारी धोरण

परदेशी व्यापाराचे नियमन हे राजनीतीचे साधन आधुनिक काळातच निर्माण झाले, असा समज पुष्कळदा आढळतो. जुन्नर-आंबेगाव परिसराचा प्राचीन इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

कल्याण बंदरातून निघालेला व्यापारी मार्ग नाणेघाट चढून कुकडीच्या खोऱ्यात उतरे आणि जुन्नरवरून प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पैठणकडे जाई. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख असून त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई व कार्षापणे यांची नोंद आहे. तेथील दगडी रांजण जकातीचा होता ही समजूत रूढ आहे. परंतु लेखात जकातीचा उल्लेख नाही. राजसत्तेच्या हस्तक्षेपाचा पुरावा अन्यत्र शोधला पाहिजे.

तो इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सापडतो. थोरल्या सारगनाच्या काळी कल्याण ही अधिकृत पेठ होती. पुढे ती संदनेसच्या ताब्यात गेल्यावर व्यापारास अडथळा झाला आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्याचा अज्ञात कर्ता सांगतो. संदनेस कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि भडोच क्षत्रपांचे होते; तेव्हा लाभ कोणाचा, हे उघड आहे. वीस दिवसांच्या वाटेवरील पैठणचा मालही भडोचलाच पोचत होता. म्हणजे व्यापार बंद पाडलेला नव्हता. तो वळविलेला होता.

क्षत्रपांची सत्ता किनाऱ्यापुरती नव्हती. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा दानलेख आहे. हे वर्ष शककालाचे मानल्यास इ. स. १२४ येते, राज्यवर्ष मानल्यास काळ मागे जातो. कोणताही पक्ष घेतला, तरी घाटमाथ्यावरील हे नगर नहपानाच्या अंमलाखाली होते, एवढे निश्चित. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने ही सत्ता मोडली. १९०६ साली जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे पुन्हा उमटविलेले आहेत.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांची, तशीच धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीची दाने नोंदलेली आहेत. ‘यवन’ म्हणजे जन्माने ग्रीकच, असे म्हणता येत नाही. शिवाय या लेखांवर वर्षे नसल्याने ते कल्याणच्या अडवणुकीपूर्वीचे की नंतरचे, हे ठरविता येत नाही. म्हणून त्या धोरणाचा जुन्नरच्या समृद्धीवर झालेला परिणाम त्यांवरून मोजणे धाडसाचे होईल. सिद्ध होते ते इतकेच की, बंदर आणि त्याच्या पाठीशी असलेला घाट यांचा विचार राज्यकर्त्यांना एकत्रच करावा लागत असे.