इक्वलायझरचा विसरलेला हिशोब

फोनवर गाणं लावायचं, इक्वलायझर उघडायचा, ‘बेस बूस्ट’ निवडायचं. पहिले काही सेकंद मजा येते. मग एखादा ठोका जोरात पडतो आणि आवाज फाटतो. त्याच क्षणी गायकाच्या आवाजालाही खरखर चिकटते. आपण दोष हेडफोनला देतो. पण नवे हेडफोन आणले तरी खरखर जात नाही, कारण बहुतेक वेळा बिघाड हेडफोनपर्यंत पोचण्याआधीच, आकडेमोडीत झालेला असतो. तो समजून घ्यायचा तर इक्वलायझर मुळात कशासाठी जन्माला आला, ते पाहावं लागतं.

‘इक्वलाइझ’ म्हणजे समान करणं. तारेच्या एका टोकाला जे बोललं गेलं आणि दुसऱ्या टोकाला जे ऐकू आलं, ते समान करायचं होतं. टेलिफोनच्या लांब तारेत सगळे सूर सारखे झिजत नाहीत. उंच सूर जास्त झिजतात, खालचे कमी. त्यामुळे पलीकडे आवाज पोचायचा, पण घोगरा. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक कळायचा नाही. तारेतून आवाज न बिघडता जायचा तर कोणती अट पाळावी लागेल, हे ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकानं १८८७ मध्ये गणितानं मांडलं. पुढे अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या ओटो झोबेलनं अशी विकृती दुरुस्त करणाऱ्या मंडलांवर १९२८ मध्ये एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. तारेनं जे जितकं खाल्लं, ते तितकंच परत द्यायचं, हा इक्वलायझरचा मूळ हिशोब होता.

ग्रामोफोनच्या तबकडीनंही हाच हिशोब पाळला. खर्जाचे सूर पूर्ण ताकदीनं कोरले तर खाच इतकी रुंद होते, की तबकडीवर फारशी गाणी मावणारच नाहीत. म्हणून कोरताना खर्ज कमी करायचा आणि उंच सूर वाढवायचे. वाजवताना बरोबर उलट करायचं. उंच सूर पुन्हा खाली आणताना सुईची खसखसही कमी व्हायची. पूर्वी प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं एकच प्रमाण ठरवलं. २० हर्ट्झच्या आसपास खर्ज साधारण २० डेसिबलनं कमी करायचा आणि वाजवताना तितकाच परत आणायचा.

मग हे हत्यार श्रोत्याच्या हाती आलं. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज इंजिनिअरनं १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक साधं मंडल छापलं. त्यात एक बटण बेसचं होतं, एक ट्रेबलचं. तेच मंडल थोड्याफार फरकानं पुढे असंख्य रेडिओ आणि अँप्लिफायरांत शिरलं. श्रोत्याची बेसची हौस काही खोटी नव्हती. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. फरक एवढाच पडला, की आता परतफेडीचा प्रश्न उरला नाही. हरवलेलं परत करण्याऐवजी आवडलेलं वाढवणं सुरू झालं.

जुन्या यंत्रांत हे बरंचसं खपून जायचं. व्हॉल्व्ह किंवा टेप मर्यादेजवळ आले की हळूहळू दबतात. आवाज मऊ होतो, एकदम तुटत नाही. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि मर्यादा म्हणजे थेट आकडा झाला. सीडीवर आवाजाचा प्रत्येक नमुना उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामध्येच बसावा लागतो. समजा, एका ठोक्याचा नमुना ३०,००० आहे आणि आपण त्यातला खर्ज ६ डेसिबलनं वाढवला. ६ डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट. उत्तर येतं ६०,०००, आणि ते ठेवायला जागाच नाही. मग लाटेचा गोल माथा सपाट कापला जातो. त्या कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले सूर तयार होतात. आपल्याला ऐकू येते ती खरखर हीच.

१९९७ मध्ये विनँप हा प्लेअर आला आणि घरोघरच्या संगणकांवर इक्वलायझर पोचला. ६० हर्ट्झपासून १६,००० हर्ट्झपर्यंत १० पट्ट्या, ‘रॉक’, ‘फुल बेस’ अशी तयार नावं, आणि अगदी डावीकडे ‘प्रीअँप’ नावाची एक वेगळी पट्टी. दहा पट्ट्यांशी खेळणारे बरेच जण या अकराव्या पट्टीकडे पाहायचेही नाहीत. खरं तर परतफेडीचा जुना हिशोब तिच्यातच होता: वाढवायचं असेल तर आधी सगळा आवाज खाली आणा, जागा करा.

तोवर गाण्यांतली जागाही संपत आली होती. मोठा आवाज कानाला पहिल्यांदा चांगलाच वाटतो, म्हणून कंपन्या गाणी छताला टेकतील इतकी दाबून बाजारात आणू लागल्या. मेटॅलिकाच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमची हीच तक्रार झाली. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती होती. चाहत्यांनी दोन्ही ताडून पाहिल्या आणि अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. रेकॉर्डिंगमध्येच कापला गेलेला माथा कुठल्याही इक्वलायझरनं परत येत नाही. आणि छताला टेकलेल्या गाण्यात एक पट्टी ३ डेसिबलनं वर नेली तरी आवाज फाटू शकतो.

आपल्या फोनवरची दुरुस्ती या इतिहासातूनच निघते. आधी इक्वलायझर बंद करून तीच जागा ऐका. खरखर गेली तर दोषी सापडला. मग फोनची सेटिंग, गाण्यांचं ॲप आणि हेडफोनचं ॲप, तिन्ही तपासा. अनेकदा तिन्हींकडचे इक्वलायझर एकावर एक चढलेले असतात. एकच ठेवा. प्रीअँप असेल तर सर्वांत उंच पट्टी जितकी वर, तितका तो खाली आणा: बेस अधिक ६, तर प्रीअँप उणे ६. प्रीअँप नसेल तर बेस शून्यावर ठेवून बाकीच्या पट्ट्या खाली घ्या आणि कमी पडलेला आवाज व्हॉल्यूमनं भरून काढा. बेस तितकाच उठून दिसेल, पण माथा कापला जाणार नाही. फोनच्या बारक्या स्पीकरवर मात्र ६० हर्ट्झची पट्टी वर नेऊ नका. तो सूर काढायची त्याची ताकदच नसते.

हे केल्यावर गाणं सुरुवातीला मिळमिळीत वाटेल, कारण ते लहान झालेलं असतं. व्हॉल्यूम आधीइतका करून मगच तुलना करा. कापला जातो तो नेहमी सर्वांत उंच क्षण असतो: तबल्याची सम, गायकाची टिपेची तान. सबंध गाणं ज्या क्षणाकडे चढत आलेलं असतं, नेमका तोच.