सिंदखेडच्या वाड्यातलं माहेर

मैत्रिणींनो, जुनी, श्रीमंत वस्ती म्हटलं की आपल्याला मुंबई-पुणं आठवतं. पण तशी वस्ती चारशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला होती. निजामशाहीतले मोठे सरदार लखुजी जाधवराव यांचा राजवाडा आजही मुंबई-नागपूर रस्त्यालगत उभा आहे. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथलाच.

लोक वाड्याचा दरवाजा बघतात, आम्हा बायांचं लक्ष पाण्याकडे जातं. मोती तलाव, चांदणी तलाव, कोरीव मूर्तींची पुतळा बारव. एवढं पाणी अडवलं, म्हणून तर वाडे नांदले. बारवेतून घागरी कोणी वाहिल्या असतील, ते आपल्याला सांगायला नको!

भिंती भक्कम होत्या, पण आतल्या बायांचं सुख दूरच्या दरबारावर टांगलेलं. १६२९ साली दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात लखुजींना दग्यानं मारलं. अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, नातू यशवंतराव, तेही तिथेच गेले. म्हाळसाबाईंचं कुंकू, दोन लेकरं आणि नातू, सगळं एकाच दिवशी. त्या वेळी जिजाऊंना दिवस गेले होते. जाधव-भोसल्यांचं वितुष्ट तर आधीपासूनचंच, त्यात बापभावांची ही बातमी. बाळंतपणाला कोणत्या माहेरी जायचं? १९ फेब्रुवारी १६३० ला शिवबा जन्मले ते शिवनेरी किल्ल्यावर.

लखुजींची दगडी समाधी सिंदखेडलाच आहे. जानेवारीत जन्मोत्सवाला जाल, तेव्हा वाडा पाहून तिकडेही वळा. म्हाळसाबाईंचं नाव घ्या.