शिकवणाऱ्याची रजा

माझं शिक्षण बी. ए. पर्यंत. त्यामुळे विद्यापीठाच्या वर्गात फळ्याच्या बाजूला उभं राहण्याची वेळ माझ्यावर कधी येईल, असं वाटलं नव्हतं. पण वीसेक वर्षांपूर्वी ती आली. एका विद्यापीठातून पत्र आलं. मराठीच्या प्राध्यापकांचा उजळणी वर्ग भरतो आहे, त्यात मुस्लिम मराठी कवींच्या कवितेवर आपण बोलावं, असं त्यात होतं. पत्र मी दोनदा वाचलं. चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना, म्हणून पाकिटावरचा पत्ताही पाहिला. मग कचेरीत एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि पहाटेची एस. टी. पकडली.

समोर चाळीस प्राध्यापक बाकांवर बसले होते. कुणाचे केस पिकलेले, कुणाच्या नाकावर चष्मा उतरलेला. मी बोललो, त्यांनी वहीत टिपून घेतलं. चहाच्या वेळी तालुक्याच्या कॉलेजातले एक सर जवळ आले. म्हणाले, “कविराज, अकरा वर्षं शिकवतोय. एकदा काढलेल्या नोट्स तेवढ्याच वाचत होतो. इथं आल्यावर कळलं, कविता मधल्या काळात केवढी पुढं गेली ते.” त्यांच्या शेजारचे सर हसले आणि म्हणाले, “मला मात्र सर्टिफिकेट हवंय. त्याच्यावाचून सीनिअर स्केल अडलंय.”

दोघेही खरं बोलत होते. परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं, त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो, हे आपल्याकडे कुणाच्या आणि केव्हा लक्षात आलं? पुढं जमेल तसं वाचत गेलो. त्यातून हाती लागलेली ही गोष्ट आहे. वरवर ती अभ्यासक्रमांची आणि आयोगांची वाटेल, पण मुळात ती रजेची गोष्ट आहे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली पहिली तीन आधुनिक विद्यापीठं १८५७ साली स्थापन झाली. ती शिकवणारी विद्यापीठं नव्हती, परीक्षा घेणारी होती. शिकवायचं ते कॉलेजांनी. प्राध्यापक एकदा पदवी घेऊन आला, की तो जन्मभरासाठी तयार झाला, असंच गृहीत धरलेलं असे. त्याला पुढं काही शिकायचं असेल, तर तो त्याचा खासगी मामला.

या खासगी मामल्याची किंमत काय असे, याचं आपल्या मुंबईतलं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार चांगला होता. पण अर्धं राहिलेलं शिक्षण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी काटकसर करून पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भाथेना यांनी कर्ज दिलं आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या शिक्षणातून ते एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर झाले. पण जाताना त्यांनी कॉलेजात रजेचा अर्ज दिला नव्हता, नोकरीच सोडली होती. शिकायचं असेल तर शिकवणं सोडा, असा तो काळ होता.

त्यानंतर चारच वर्षांनी ढाक्यात वेगळी गोष्ट घडली. सत्येंद्रनाथ बोस तिथल्या नव्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यार्थ्यांना शिकवताना एका सूत्राची रूढ मांडणी त्यांना पटेना. त्यांनी ते सूत्र स्वतःच्या रीतीनं सिद्ध केलं आणि जून १९२४ मध्ये तो लेख थेट आइन्स्टाइनकडे धाडला. आइन्स्टाइननी त्याचा जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करवला आणि बोसना पोस्टकार्ड लिहिलं. बोस त्याच सुमारास युरोपला जाण्यासाठी रजा मागत होते. त्यांनी पुढं सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, कुलगुरूंनी ते पोस्टकार्ड पाहिलं आणि सगळी अडचण मिटली. दोन वर्षांची रजा मिळाली, जाण्यायेण्याचा खर्च मिळाला, घरच्यांसाठीही पैशांची सोय झाली. बोस आधी पॅरिसला आणि मग बर्लिनला राहिले, १९२६ साली परतले आणि पुढं पुष्कळ वर्षं ढाक्यातच शिकवत राहिले.

ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी मला आनंद होतो आणि पाठोपाठ थोडी धास्तीही वाटते. रजा मिळवायला आइन्स्टाइनचं कार्ड लागत असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं? ज्याच्या हातून असा शोध लागणार नाही, पण जो रोज वर्गात जाणार आहे, अशा साध्या प्राध्यापकाला शिकायचा हक्क कुठून मिळणार?

त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. डॉ. झाकिर हुसेन त्याचे एक सदस्य होते. शाळेच्या आणि इंटरमीजिएट कॉलेजच्या शिक्षकांसाठी विद्यापीठांनी सुटीत उजळणी वर्ग भरवावेत, अशी सूचना या आयोगानं केली. पुढं २८ डिसेंबर १९५३ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचं उद्घाटन मौलाना आझाद यांच्या हस्ते झालं. कुठल्याही विद्यापीठाची पदवी न घेतलेला हा विद्वान देशाचा पहिला शिक्षणमंत्री होता, हे माझ्यासारख्या साध्या बी. ए. ला फार धीर देणारं आहे!

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगानं काम केलं. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. नव्या अधिव्याख्यात्याला नेमणुकीनंतर लगेच वर्गात ढकलू नका, त्याला जरा स्थिरावू द्या, चांगल्या शिक्षकांची व्याख्यानं ऐकू द्या, त्याच्यासाठी उद्बोधन वर्ग घ्या आणि मोठ्या विद्यापीठांत या कामासाठी कायमची ‘स्टाफ कॉलेजं’ काढा, असं या आयोगानं सुचवलं. सूचना साधी, शहाणपणाची होती. प्रत्यक्षात यायला तिला वीस वर्षं लागली.

दरम्यान काहीच झालं नाही असं नाही. उन्हाळी शिबिरं भरली. १९७० पासून अभियांत्रिकीच्या अध्यापकांना आय. आय. टी. सारख्या संस्थांत पुढचं शिक्षण घेण्यासाठी खास योजना आली. एम. फिल., पीएच. डी. करणाऱ्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं शिक्षक-अधिछात्रवृत्त्या दिल्या. पण या संधी मोजक्या होत्या, आणि कॉलेजातून कुणाला सोडायचं ते प्राचार्यांच्या आणि संस्थाचालकांच्या मर्जीवर होतं. जो मर्जीतला, तो जाई. बाकीच्यांना ‘तुमचे तास कोण घेणार?’ हे ठरलेलं उत्तर मिळे.

१९८६ साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्याच वर्षी प्राध्यापकांच्या वेतनाबद्दल मेहरोत्रा समितीचा अहवाल आला आणि १९८७ साली वेतनश्रेणीच्या मागणीसाठी प्राध्यापकांचा देशभर संप झाला. याच १९८७ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. सुरुवातीला ४८ कॉलेजं मंजूर झाली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद इथल्या विद्यापीठांत ती निघाली. पुढं बसलेली घडी अशी होती: नव्या प्राध्यापकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यासाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. त्या दिवसांत प्राध्यापक कामावरच आहे असं धरलं जाई, म्हणजे पगार चालू. शिवाय हे वर्ग केल्याशिवाय वरची वेतनश्रेणी नाही, असा नियम झाला.

या सक्तीची पुढं पुष्कळ टिंगल झाली. ‘रिफ्रेशर टाकणं’ हा शब्दप्रयोग प्राध्यापकांच्या खोलीत रूढ झाला. लोक सर्टिफिकेटासाठी येतात, मागच्या बाकावर डुलक्या काढतात, अशा तक्रारी झाल्या. त्या खोट्या नव्हत्या. मी स्वतः एक-दोन डुलक्या पाहिल्या आहेत, तीही माझीच कविता चालू असताना. पण एक गोष्ट त्या टिंगलीत हरवली. सक्ती प्राध्यापकावर झाली असं आपण म्हणतो, पण ती संस्थाचालकावरही झाली होती. ‘तुमचे तास कोण घेणार’ म्हणणाऱ्याला आता प्राध्यापक सांगू शकत होता, की साहेब, हा नियम आहे, माझी बढती यावर आहे, मला सोडा. जी रजा सत्येंद्रनाथांना आइन्स्टाइनच्या कार्डावर मिळाली, तिचा छोटासा, तीन आठवड्यांचा तुकडा तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांना साध्या अर्जावर मिळू लागला. मला हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला मोठा बदल वाटतो.

त्या दिवशी जेवणाच्या रांगेत एक प्राध्यापिका म्हणाल्या होत्या, “लग्नानंतर पहिल्यांदा सलग तीन आठवडे मी नुसतं वाचतेय. कुणाला चहा द्यायचा नाही, की कुणाचा डबा भरायचा नाही.” अभ्यासाची रजा म्हणजे काय, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा त्यांच्या या वाक्यानं जास्त समजलं.

पुढं नावं बदलत गेली. २०१५ साली अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली. २०१७ साली ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं आणि प्राध्यापकांचे उजळणी अभ्यासक्रमही त्यावर आले. २०२० साली करोनाच्या साथीत तर सगळेच वर्ग पडद्यावर गेले. २०२३ पासून ही केंद्रं मालवीय मिशनच्या नावानं ओळखली जातात. ऑनलाइनमुळे सोय झाली, यात शंका नाही. लांबच्या गावातल्या, घर सोडता न येणाऱ्या माणसाला दार उघडलं. पण दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर उजळणी वर्ग असं सुरू झालं, की रजा मात्र हळूच नाहीशी होते. जेवणाच्या रांगेतल्या त्या बाईंना पुन्हा डबा भरता भरताच व्याख्यान ऐकावं लागतं.

आणि ज्यांना रजा हा शब्दच लागू नाही, त्यांचं काय? माझी भाची एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. नवव्या वर्षीही तासिका तत्त्वावरच. जितके तास घेतले, तितके पैसे. उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही. मागच्या ईदला घरी आली, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तिला हा सगळा इतिहास सांगितला आणि म्हटलं, “बेटा, तूही एखादा उजळणी वर्ग का करत नाहीस?” ती हसली. म्हणाली, “मामू, मी तीन आठवडे गेले तर तास बुडतील. तास बुडले तर पैसे बुडतील. आणि सर्टिफिकेट आणून लावू कुठं? बढती तर कायम माणसाला असते.”

मी गप्प बसलो. तिच्याच कॉलेजात, त्याच खोलीत, शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या कायम प्राध्यापकाला हा हक्क आहे. दोघं त्याच मुलांना शिकवतात. मुलांना काही माहीत नसतं, की आपल्या कुठल्या सरांना शिकायची मुभा आहे आणि कुठल्या मॅडमना नाही. पण त्यांना मिळणाऱ्या शिकवण्यात कधी ना कधी तो फरक उतरणारच. ती स्वतःच्या पैशानं पुस्तकं घेते, रात्री वाचते. म्हणजे प्राध्यापकाचं पुढचं शिक्षण हा खासगी मामला, ही १९२० सालची रीत तिच्यापुरती अजून चालूच आहे.

राधाकृष्णन आयोगापासून स्टाफ कॉलेजांपर्यंत यायला आपल्याला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. शिकवणाऱ्याला शिकायला वेळ द्यावा आणि त्या वेळाचा पगारही द्यावा, हे आपण एकदा मान्य केलेलं आहे. ते नव्यानं सिद्ध करायची गरज नाही. आता फक्त शिकवणारा कुणाला म्हणायचं, तेवढं ठरवायचं आहे.

परवा भाचीचा फोन आला होता. मुलांना एक धडा शिकवताना तिला काही शंका आली होती, त्यासाठी एक जुनं पुस्तक हवं होतं. मी ते आमच्या गावच्या वाचनालयातून माझ्या नावावर काढलं आणि एस. टी. नं पाठवून दिलं. परत करायची मुदत पंधरा दिवसांची आहे. तेवढ्यात तिचं वाचून व्हायला हवं.