रोज लागणाऱ्या नोट्स एका टॅपवर: साध्या टेक्स्ट फाइलींची मांडणी

ज्या फाइलमध्ये दिवसातून चार-पाच वेळा लिहावं लागतं, ती शोधण्यातच अर्धा मिनिट गेला तर नोंद करायचा कंटाळा येतो. मग ‘रात्री लिहू’ म्हणतो आणि ते राहून जातं. म्हणून नोट्सचं ॲप निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये किती पटकन जाता येतं?

आपल्या भंडारा जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. धानाच्या हंगामात घरचा हिशोब बऱ्याचदा कॉलेजातल्या पोरापोरींच्या फोनमध्ये असतो: रोवणीची मजुरी, खताच्या बॅगा, ट्रॅक्टरचे तास. त्याच फोनमध्ये पोलीस भरतीचा अभ्यासही असतो. धुऱ्यावर उभं राहून, चिखलाचे हात पुसून नोंद करायची असते. ती राहिली, तर धान विकल्यावर हाती खरंच किती उरलं हे कळत नाही.

साधं टेक्स्टच का?
टेक्स्ट फाइल कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर उघडते. उद्या ॲप बंद पडलं तरी लिहिलेलं आपल्याकडेच राहतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे १ लाख चिन्हं लिहिली तरी फाइल साधारण ३०० केबीची. नेट नसलं तरी काम चालतं.

मी अँड्रॉइडवर ‘मार्कर’ हे मोफत, ओपन सोर्स ॲप वापरतो. ते एफ-ड्रॉइडवर मिळतं.

१. नावं ठरवा.
‘०१-मजुरी’, ‘०२-खत’, ‘०३-भरती’ अशी नावं द्या. पुढचं शून्य गाळू नका, कारण अनेक ॲपमध्ये १० हा आकडा २ च्या आधी येतो. आकडे मराठी किंवा इंग्रजी, पण एकाच प्रकारचे ठेवा. नावात रिकामी जागा न सोडता जोडरेघ वापरा, म्हणजे पुढे लिंक तुटत नाहीत.

२. रोजच्या फाइली वर आणा.
जास्त लागणाऱ्या फाइलींना तारा लावला की त्या ‘आवडत्या’ यादीत येतात. नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादीही ॲप ठेवतं. रोजच्या दोन-तीन फाइलींचे शॉर्टकट थेट होम स्क्रीनवर टाका. तीनच बरे. दहा शॉर्टकट केले की पुन्हा शोधाशोध आलीच.

३. अनुक्रमणिका बनवा.
‘००-सूची’ नावाची एक फाइल करा आणि तिच्यात बाकी फाइलींच्या लिंक लिहा. मार्कडाउनमध्ये चौकटी कंसात दिसणारं नाव आणि लगेच गोल कंसात फाइलचं पूर्ण नाव, एक्स्टेन्शनसकट. वाचण्याच्या व्ह्यूमध्ये लिंकवर टॅप केलं की फाइल उघडते. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत सूचीकडे परतायची लिंक टाका, म्हणजे जाणं-येणं दोन्ही होतं.

फाइली वीस-पंचवीसच्या वर गेल्या, तर ‘ऑब्सिडियन’ बघा. त्यात दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की लिंक तयार होते, आणि क्विक स्विचरमध्ये नावाची दोन-तीन अक्षरं टाइप केली की फाइल समोर येते. मात्र फाइली ‘एमडी’ एक्स्टेन्शनच्या हव्यात. आतून तेही साधं टेक्स्टच असतं.

दोन गोष्टी सांभाळा
फोल्डर फोनच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा. ॲपच्या खासगी जागेत ठेवलं तर ॲप काढल्यावर फाइलीही जातात. महिन्यातून एकदा ते फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर कॉपी करा.

दुसरं म्हणजे साध्या टेक्स्टला कुलूप नसतं. सातबाऱ्याचा गट क्रमांक लिहिला तर चालेल, पण यूपीआय पिन, पासवर्ड आणि आधार क्रमांक इथे अजिबात नको.

सुरुवात तीन फाइली आणि एका सूचीने करा. आठवडाभर वापरा. जी फाइल उघडलीच नाही, तिचा शॉर्टकट काढून टाका.